तीन आणि सात नंबरचा पेला

"घोड्याच्या तबेल्यात ओलं पोतं वाळत घातल्यासारखं लागतंय," चेअरमन टेओ स्ट्रायडम म्हणाले आणि तोंडातली वाइन त्यांनी बादलीत थुंकली. "हा तीन नंबरचा पेला. कामगाराच्या हाताचा वास मारतोय. माझ्याकडून आठवा क्रमांक, म्हणजे शेवटचा."

"टेओ, मुकाट्यानं लिहायचं असतं रे," दातांचे डॉक्टर फान ब्लेर्क म्हणाले. "नियम तूच केलास ना?"

"माझाच आहे म्हणून तर मोडतोय."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. सार्लिना फेब्रुवारी खिडकीखालच्या लहान टेबलाशी बसून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. चार दिवस वारा सुटला होता. तो खोऱ्यात शिरला की दारं आपटतात, कुत्री भुंकतात आणि माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. पण सार्लिनाचा टोपणाशी चाललेला चाळा त्या वाऱ्यापायी नव्हता. तीन नंबरच्या पेल्यात तिच्या धाकट्या भावाची, इसाकची वाइन होती.

वाबूम खोऱ्यातल्या वाइन सोसायटीत ती तेवीस वर्षं कारकून होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात परीक्षक जमायचे. खाकी कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांतून प्रत्येकापुढे आठ पेले यायचे आणि जो तो आपापल्या कागदावर क्रम लावायचा. सगळ्यात आवडला त्याला एक, सगळ्यात नावडला त्याला आठ. सार्लिना सातही कागद गोळा करून पेल्यागणिक बेरीज मांडायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, ती वाइन पहिली. कोणाच्या बाटलीवर सोनेरी चकती चिकटायची, कोणाची वाइन नावानिशी दुकानात जायची आणि कोणाची निनावी होऊन मोठ्या टाकीत पडायची, ते सगळं त्या बेरजेवर ठरायचं.

स्वतः सार्लिनाने बावन्न वर्षांच्या आयुष्यात वाइनचा एक थेंब जिभेवर ठेवला नव्हता. तिच्या बापाला मळेवाला मजुरीतच दारू द्यायचा. दिवसातून पाच वेळा, पत्र्याच्या मगाने, पहिला मग उजाडायच्या आत. बाप एक्केचाळिसाव्या वर्षी द्राक्षांच्या ओळीत पडला तो उठलाच नाही. मळेवाला म्हणाला, "फेब्रुवारीला दारू सोसली नाही." जसा काही हा त्याच्या घरी पाहुणा गेला होता आणि हावरटासारखा जास्त प्यायला! आडनावाचीही तीच कथा. कुठल्याशा खापरपणजोबाला जहाजातून गुलाम म्हणून उतरवलं तो महिना फेब्रुवारीचा होता. त्याला त्याचं नाव विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

आता काळ बदलला होता, असं सगळे म्हणत. नऊ वर्षांपूर्वी मळ्यावरच्या चौदा कुटुंबांना जमिनीचा एक तुकडा वाटणीने मिळाला. इसाकने तिथल्या पिनोटाज द्राक्षांची वाइन करायला घेतली. सोसायटीने त्याला एक टाकी दिली, चौदा नंबरची. पण त्याची वाइन या शनिवारच्या बैठकीत दर वेळी दोन-तीन आकड्यांनी मागे पडायची आणि मोठ्या टाकीत ओतली जायची. एकदाच, चार वर्षांपूर्वी, तिला रुपेरी चकती मिळाली होती. आज शेवटची संधी होती. हॉलंडचा व्यापारी तीन वाइन नेणार होता. पहिल्या तिघांत इसाक आला नाही तर चौदा नंबरची टाकी काढून घ्यायची, असा ठरावच झाला होता. मग त्याने द्राक्षं तोडून गेटावर आणून टाकायची, बस्स.

"आहा!" चेअरमननी डोळे मिटले. "सात नंबर. बघा, ही आमची माती बोलतेय. डोळे झाकून पहिला क्रमांक."

सार्लिनाच्या हातातलं टोपण खाली पडून टेबलाखाली गडगडत गेलं.

सात नंबरच्या पेल्यातही इसाकचीच वाइन होती. त्याच बाटलीतली.

ही खोडी म्हाताऱ्या लॅम्ब्रेख्तची. सोसायटीचा जुना रसायनतज्ज्ञ, मरून अकरा वर्षं झाली. बैठक त्यानेच सुरू केली आणि एक शिरस्ता घालून दिला: बाटल्या सात घ्यायच्या, पेले आठ भरायचे. चिठ्ठी उचलून एक बाटली ठरवायची आणि ती दोन नंबरांनी वाढायची. निकाल लावताना पुढच्या नंबरावर काट मारायची, आधीचा नंबर धरायचा. परीक्षकांच्या छापील कागदावर अगदी तळाशी त्याने एक ओळही टाकली होती: 'कोणते पेले एकाच बाटलीतले वाटतात?' म्हातारा गेला, परीक्षक बदलले, शिरस्ता सगळे विसरले. कागद मात्र हजारांनी छापलेले होते, ते संपेपर्यंत वापरायचे होते. तळाच्या त्या ओळीत तेवीस वर्षांत एकाही परीक्षकाने काही लिहिलं नव्हतं.

बाटल्या गुंडाळायचं काम सार्लिनाचं, चिठ्ठी उचलायचंही तिचंच. म्हातारा सांगून गेला नव्हता की थांब, म्हणून ती थांबली नव्हती.

ती कागद घेऊन मागच्या खोलीत गेली. बेरीज मांडायला बसली तोच खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर माल चढवायच्या ओट्यावर इसाक उभा होता. चर्चला घालायचा शर्ट घालून आला होता.

"ताई, काय झालं?"

"जा इथून."

"नुसतं तोंडावरून कळू दे."

"माझं तोंड तेवीस वर्षं कोरंच आहे. जा म्हणते ना."

"चौदा घरांतली माणसं फोनला चिकटून बसलीत गं!"

तिने पडदा ओढला. बेरजा मांडल्या. पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस, तीस, बत्तीस, चौतीस, छत्तीस, एकोणचाळीस. पंचवीस ही सात नंबरच्या पेल्याची, सगळ्यांत कमी. बत्तीस ही तीन नंबरची. शिरस्त्याप्रमाणे सातावर काट मारली की सत्तावीस पहिली, एकोणतीस दुसरी, तीस तिसरी आणि इसाकची बत्तीस चौथी.

दोन आकड्यांनी गेली.

ती उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, परत बसली. कागद परत पाहिले. चेअरमनकडे तीन नंबर आठवा, सात नंबर पहिला. डॉक्टरकडे उलटं, तीन नंबर दुसरा आणि सात नंबर सातवा. एकच बाटली! या तोंडांनी मोठमोठ्या हॉटेलांतल्या, परदेशातल्या वाइन चाखल्या होत्या, पण अर्ध्या तासापूर्वी प्यायलेली वाइन त्यांना परत ओळखता येत नव्हती.

म्हाताऱ्याने मरताना तिला संख्याशास्त्राचं एक पुस्तक दिलं होतं. सातवी शिकलेल्या बाईला ते कळायला सहा वर्षं लागली. त्यात परीक्षकांचं एकमत मोजायची रीत होती. प्रत्येक बेरीज सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे. आज उत्तर आलं एकशे चोपन्न. सात जणांचं खरोखर काही एकमत आहे असं म्हणायला ते सहाशेच्या घरात जायला हवं होतं. सात माणसांनी डोळे बांधून टोपीतून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी ते सरासरीने तीनशेच्या आसपास आलं असतं. म्हणजे परीक्षकांपेक्षा टोपी शहाणी.

आणि हे आजचंच नव्हतं. कपाटात अडीचशे बैठकांचे कागद होते. त्यांतल्या एकोणीस बैठकांत परीक्षकांचं एकमत दिसत होतं, आणि बारा-तेरांत तर ते निव्वळ नशिबानेही दिसलं असतं. हे तिला पाच वर्षांपासून माहीत होतं. पाच वर्षं ती गप्प होती, पगार घेत होती, बेरीज वाचून दाखवत होती. याचाच तिला आता सगळ्यात जास्त संताप आला.

ती निकालाचा कागद घेऊन बाहेर गेली. परीक्षक तोवर पावाला चीज लावून खात होते. तिने वाचलं. पहिली, दुसरी अमुक अमुक. तिसरी थेरॉनच्या मळ्याची. चौथी, चौदा नंबरची टाकी.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "थोडक्यात हुकली."

"फेब्रुवारीला सांग, पुढच्या जन्मी ये," चेअरमन म्हणाले. "चला, संपलं."

"संपलं नाही, साहेब," सार्लिना म्हणाली.

चेअरमननी मान वर केली. या बाईला बैठकीत बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"तीन नंबर आणि सात नंबर एकच बाटली आहे. चौदा नंबरच्या टाकीची. तुम्ही तिला शेवटची ठरवलीत आणि पहिलीही ठरवलीत."

वाऱ्याने कुठलंसं दार आपटलं. डॉक्टर हसू लागले, पण मग त्यांना आपला कागद आठवला असावा, ते थांबले.

"म्हणजे भावाची बाटली दोनदा वाढलीस?" चेअरमन म्हणाले. "वा गं वा! असले धंदे आमच्या नाकाखाली?"

"धंदा करायचा असता तर सात नंबर ठेवून तीन नंबरावर काट मारली असती. इसाक पहिला आला असता आणि तुम्हाला पत्ता लागला नसता. दर बैठकीत एक बाटली दोनदा वाढली जाते, साहेब. लॅम्ब्रेख्तसाहेबांपासून. अडीचशे बैठकांचे कागद आहेत माझ्याकडे. एकाच वाइनला एकाच बैठकीत तुम्ही दोन क्रम कसे लावता ते सगळं त्यात आहे. आजचा पहिला आणि आजचा चौथा यांत काही फरक आहे, असं हे कागद म्हणत नाहीत. कधीच म्हणत नव्हते."

चेअरमन मूर्ख नव्हते. सोसायटीच्या प्रत्येक सोनेरी चकतीमागे हीच बैठक होती, आणि सगळ्यात जास्त चकत्या त्यांच्या स्वतःच्या मळ्याच्या बाटल्यांवर होत्या. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला आणि आवाज मऊ केला.

"बस, सार्लिना. बस ना. हे बघ, चूक माणसाकडून होते. सात नंबर पहिला आला, हो की नाही? मग सात नंबर धर. चौदाची टाकी पहिली. थेरॉनला मी समजावतो. इसाकची वाइन जाऊ दे हॉलंडला. आणि ते जुने कागद कपाटात जागा खातात, ते भट्टीत टाकू. काय?"

सहा परीक्षक पेल्यांकडे पाहत राहिले. त्यांच्यातल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही.

सार्लिना बसली नाही. तिने निकालाचा कागद टेबलावर पसरला. मागच्या खोलीच्या पडद्यापलीकडे ओट्यावर इसाक उभा होता. एक आकडा खोडायचा, दुसरा ठेवायचा. पेन तिच्याच हातात होतं.

"नऊ वर्षांत अकरा वेळा त्याची वाइन टाकीत ओतलीत," ती म्हणाली. "आज मी पहिला लिहिला तर ते अकराही निकाल खरे ठरतील. आणि थेरॉनने काय घोडं मारलंय? मी नाही लिहिणार. सातही बाटल्यांच्या चिठ्ठ्या टाका आणि तीन उचला. आजच्या या कागदांपेक्षा ते न्यायाचं होईल."

"चिठ्ठ्या!" चेअरमन खुर्ची मागे ढकलून उठले. मऊपणा गेला. "तीनशे वर्षं वाइन करतो आम्ही इथं! तुझ्या बापाला मगातली दारू पचली नाही आणि तू आम्हाला चव शिकवतेस?"

"माझ्या बापाला चव घ्यायला तुम्ही थुंकायची बादली दिली नव्हतीत, साहेब."

चेअरमननी निकालाचा कागद आपल्याकडे ओढला. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. तीन नंबर धरला, चौथा आला. निकाल लागला. आणि पुढच्या महिन्यापासून ही आकडेमोड कॉम्प्युटर करेल. तू गेटावर बस. गाड्यांचं वजन लिही."

तिने ते इसाकला दुसऱ्याकडून कळू दिलं नाही. घरी जाताना पिकअपमध्ये स्वतःच सगळं सांगितलं. इसाकने वळणावर गाडी थांबवली.

"पहिला नंबर देत होते?"

"हो."

"आणि तू नको म्हणालीस."

"तो नंबर खरा नव्हता."

"अगं, चौथा तरी कुठं खरा होता! खोटाच घ्यायचा तर पहिला घ्यायचा ना! चौदा घरं, ताई. मी आता काय सांगू त्यांना? माझ्या बहिणीला गणित आलं म्हणून?"

"सांग."

"तुला आकडे कळतात. वाइन कळत नाही तुला. एक घोट घेतला नाहीस कधी."

"त्यांना तरी कुठं कळते?"

"मला कळते!" त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. वारा गाडीला हलवत होता. "ती भिंतीवरची रुपेरी चकती," तो हळूच म्हणाला. "चार वर्षांपूर्वीची. तीही अशीच?"

तिला खोटं बोलता आलं असतं. गाडीत तर तिला खोटं पाडणारा कागदही नव्हता.

"तीही अशीच."

इसाकने गाडी सुरू केली. तिला दाराशी सोडलं आणि हात न हलवता गेला.

पुढचे आठ दिवस सार्लिनाला एका जागी बसवेना. गेटावर ट्रॅक्टरांचं वजन लिहिताना ती तेच परत तपासत होती: आपण खरं बोललो की आपल्याला फक्त बोलायचं होतं? चौदा घरांतल्या बायका चर्चमध्ये तिच्यापासून एक बाक सोडून बसल्या. सोसायटीचं पत्र आलं, महिनाअखेर टाकी रिकामी करा. जुने कागद तिने कपाटातून आधीच घरी आणले होते. स्वयंपाकघरात त्यांच्या चळती लावल्या होत्या आणि जेवायला टेबलाचा एक कोपरा उरला होता.

रविवारी दुपारी ती स्नूक मासा तळत होती. इसाक दारात येऊन उभा राहिला. हातात दोन बाटल्या होत्या. एक त्याची, दुसरी हॉलंडला निघालेली, पहिली आलेली.

"जेवायला बस," ती म्हणाली.

"जेवायला नाही आलो. त्यांची घेतलीस तशी माझी परीक्षा घे."

"इसाक, राहू दे."

"भ्यालीस? की तुझ्या पुस्तकात मजुराची परीक्षा घ्यायची रीत नाहीये?"

तिने गॅस बंद केला. रीत होती. तीन मग घ्यायचे, दोन मगांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसता अंदाज केला तर तीनातून एकदा बरोबर येतो. घरात काचेचे पेले नव्हते, चहाचे पांढरे मग होते. तिने त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून ओतलं आणि मग त्याच्यापुढे ठेवले.

त्याने पहिला घोट घेतला, दुसरा, तिसरा. थुंकला नाही. "हा मधला त्यांचा."

बरोबर होतं. तिने तिन्ही मग विसळले, पुसले, पुन्हा भरले.

"डावीकडचा माझा. बाकी दोन त्यांचे."

बरोबर. तिसऱ्यांदा बरोबर. चौथ्यांदा त्याने नुसता वास घेतला आणि बोट दाखवलं. पाचव्यांदा, सहाव्यांदा. सातव्या खेपेलाही बरोबर. दोन हजार एकशे सत्त्याऐंशीत एकदा, तिने मनात हिशेब केला. नशिबाने असं इतक्यातून एकदा होतं.

आठव्यांदा ओतताना तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने तिन्ही मग भरले आणि आणून ठेवले.

इसाकने पहिला उचलला. दुसरा उचलला. तिसरा. पुन्हा पहिला. पाव चावला, पाणी प्यायला, पुन्हा तिसरा. कपाळाला आठी पडली. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा लाल झाला.

"थट्टा करतेस, ताई?"

"तू सांग."

"काय सांगू? तिन्ही माझीच आहे. चौदा नंबरची टाकी, बुडाकडची, शेवटच्या तोडीची. माझीच आहे ही. मला काय फसवतेस!"

तो तिन्ही मग बाजूला सारून उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. बाहेर वारा पडला होता. ओळींमध्ये पानंही हलत नव्हती.

सार्लिनाने टेबलावरच्या चळतीतून एक कोरा छापील कागद ओढला. वर परीक्षकाचं नाव लिहिलं: इसाक फेब्रुवारी. क्रमांकांचे रकाने रिकामे सोडले. मग तिने कागद थोडा वर सरकवला, तळाची ओळ शोधली, आणि 'कोणते पेले एकाच बाटलीतले वाटतात?' याच्यापुढे सावकाश, एकेक अक्षर जपून, लिहिलं: तिन्ही.

शाई वाळेपर्यंत तिने त्या कागदाला हात लावला नाही.